शैले, त्या तीन दाढांचं काय?

शैले,

तुझ्या तेराव्याच्या पंगतीत मी वरणभात कालवून नुसता गिळला. पुरीला हात लावला नाही. तुझा भाऊ दोनदा येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून गेला. बायका एकमेकींना कोपरानं खुणावत होत्या, बापूला बघा किती लागलंय. लागलंय, त्यात खोटं काही नाही. पण घास न चावायचं कारण वेगळं होतं. उजवीकडची खालची दाढ. तीच, जी तू उघडलीस, आत औषध ठेवलंस, वर लवंगेच्या वासाचा पांढरा गिलावा थापलास आणि म्हणालीस, "पंधरा दिवसांनी ये, पुढचं बघू." पंधरा दिवस भरायच्या आत तूच गेलीस. झोपेत, हृदय बंद पडून, कुणाला एक शब्द न बोलता. माझ्या बैलांच्या धंद्यात असं काम अर्धं टाकून जाणाऱ्याला पुन्हा दावणीजवळ उभं राहू देत नाहीत.

तुझे विद्यार्थी तुझ्यावर एक छोटं पुस्तक काढताहेत. मला म्हणाले, काका, तुम्ही मॅडमना शाळेपासून ओळखता, तुम्ही लिहाच. मी म्हणालो, तिच्याबद्दल चांगलं लिहायला तुम्ही सगळे आहात. मी लिहीन ते तिलाच लिहीन, आणि त्यातलं एक अक्षर गाळायचं नाही. कबूल झाले. घासाघीस न करता कबूल झाले, म्हणजे त्यांना माझ्याकडून भांडणच हवं असणार.

तू कुठं शिकलीस, काय काय मिळवलंस, ते दुसरे लिहितील. मला आठवते ती कडेगावच्या शाळेतली, पुढच्या बाकावर बसून मागं वळून माझी गणितं तपासणारी शैला. मागितलं नसताना. माझं उत्तर बरोबर आणि रीत चुकीची, असं तू गुरुजींना मोठ्यानं सांगायचीस. मी म्हणायचो, उत्तर बरोबर आलं ना, मग रीत गेली उडत. आपलं सगळं आयुष्य याच भांडणावर गेलं, असं आता वाटतं.

दहावीनंतर मी चुलत्याच्या मागं बैलबाजाराला लागलो. बापाची जमीन नव्हती, पाठीशी पैसा नव्हता. एका कालवडीवर सुरुवात केली आणि चार तालुक्यांच्या बाजारांत लोक माझ्याशी बोलायच्या आधी घसा साफ करायला लागले, तिथवर आलो. तू दातांची डॉक्टर व्हायला गेलीस. सुट्टीत आलीस तेव्हा मी तुला चिडवलं होतं.

"शैले, आपुन एकाच धंद्यातली म्हण की. दोघंबी दात बघून पोट भरणार."

"व्हय. पर तुझं गिऱ्हाईक गप ऱ्हातं. माझं बोटं चावतं आन् वर म्हणतं, दुखलं न्हाई तर पैसं कशाचं?"

ज्यांना आमचा बाजार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जनावराचं तोंड उघडून दात बघितले की समजायचं, सौदा सुरू झाला. दोनदाती, चारदाती, सगळे दात आलेला तो जुळलेला. वय दातात आणि किंमत वयात. ज्याचं तोंड उघडलं तो विकायला आलेला. म्हणून मी आयुष्यात कुणासमोर तोंड उघडून दाखवलं नव्हतं, वैद्यासमोर नाही आणि मंगलसमोरही नाही. मंगल माझी बायको. ती म्हणते, बोलायला तेवढं उघडता की दिवसभर.

ते तोंड पहिल्यांदा उघडायला लावलंस ते तुझ्या पुतणीच्या लग्नात. मी जेवताना सारखा कान चोळत होतो, आवाजही जड झाला होता. तू समोरच्या रांगेत वाढत होतीस. हातात जिलबीचं ताट घेऊन तशीच थांबलीस.

"बापू, आवाजाला काय झालं रं तुझ्या?"

"काय न्हाई. कानात सणक मारतीया."

"कवापास्नं?"

"हाय दिवाळीपास्नं."

"मांडवामागं ये. तोंड उघड."

"एवढ्या पावण्यांत? इकायला काढलंस व्हय मला?"

"तुला कोण घेतंय फुकट. चल."

मांडवामागं आचाऱ्यांच्या चुलीशेजारी तू मोबाईलचा उजेड पाडलास, माझी जीभ रुमालात धरून बाहेर ओढलीस, आत बघितलंस आणि गप्प झालीस. शैले, तू गप्प झालीस तिथंच मी समजलो. इतक्या वर्षांत तू माझ्यासमोर कधी गप्प झाली नव्हतीस. मग म्हणालीस, "उद्या माझ्या कॉलेजात ये. मंगलला घिऊन ये." आणि जिलबीचं ताट उचलून परत पंगतीत गेलीस. जाताना मला दोन वाढलीस. मी घरी गेल्यावर मंगलला सांगितलं, शैलानं जिलबी वाढली म्हणजे काही फार नसेल. ती रडायलाच लागली.

जिभेच्या मुळाशी गाठ होती. तंबाखूनं व्हायचं ते केलं होतं. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, कापायचं नाही, किरणांचा उपचार द्यायचा. आमच्याकडं त्याला शेक म्हणतात. मी तयार झालो. मग तू मधे पडलीस. शेकाच्या आधी दात.

मला पटेना. रोग जिभेच्या मागं, आणि ही बाई दातांवर का उठली? तू समजावलंस, ते अजून पाठ आहे. किरणं गाठीवर पडतील तशी जबड्यावरही पडणार. जबड्याचं रक्त आटणार. मग पुढं कधी दात काढावा लागला तर जखम भरत नाही, हाड उघडं पडतं आणि मरत जातं. म्हणून जो दात पुढं त्रास देईलसा वाटतो तो आधीच काढायचा, हाड जिवंत आहे तोवर.

"किती?" मी विचारलं.

"नऊ."

"दोन."

"बापू, हितं भाव हुत न्हाई."

"भाव सगळीकडं हुतो."

आणि मी तोंड मिटून घेतलं. तुझे सगळे विद्यार्थी खुर्चीभोवती उभे. त्यांना वाटलं, मॅडम आता ओरडणार. तू माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढलास, आपल्या दोघांच्या हातांवर पसरलास आणि त्याखाली माझी बोटं धरलीस.

बैलबाजारात मोठा सौदा असाच होतो. चारचौघांना आकडा कळू नये म्हणून फडक्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा. जितकी बोटं तितका आकडा. तू शेतकऱ्याची लेक, बापाच्या मागं बाजाराला जायचीस, तुला ते येत होतं हे मी विसरलो होतो. तू नऊ दाबलीस. मी दोन. तू नऊ. मी तीन. डोळ्याला डोळा लावून बसलो. तुझ्या एका मुलीला वाटलं, मॅडम पेशंटसाठी प्रार्थना करताहेत, तिनं लांबून हात जोडले. शेवटी तू सातावर आलीस आणि माझी बोटं सोडली नाहीस. मी मान हलवली. उठताना मी सगळ्यांकडं असं बघितलं की बघा, दोन दाढा वाचवल्या.

वर्षभरानं तू हसत हसत सांगितलंस की तुला हव्या होत्या सातच. वरच्या दोन भावात सोडायला चढवल्या होत्यास. शैले, मला आजवर बाजारात कुणी असं गंडवलं नाही. त्या दिवशी मी तुझ्याकडचा चहा न पिता निघून आलो होतो.

पण माझी खरी तक्रार ती नाही. सातांतल्या चार दाढा मलाही मान्य होत्या. पोकळ झालेल्या, हलणाऱ्या. राहिलेल्या तीन मात्र चांगल्या होत्या. दुखत नव्हत्या, हलत नव्हत्या, मी त्यांनी उसाचं कांडं फोडून खात होतो. तू म्हणायचीस, एक्स-रेत मुळाशी सावली आहे, हिरडीखालचं हाड उतरलंय. मी म्हणायचो, सावली म्हणजे खड्डा नव्हे. त्या तीन दाढा काढायला हव्या होत्या का नव्हत्या, हा आपला वाद. दर तपासणीला मी तो काढायचो आणि दर तपासणीला तू म्हणायचीस, "झालं? आता तोंड उघड."

एकदा तरी म्हणायचं होतंस, बापू, तुझंही थोडं बरोबर होतं. माझं तेवढंच मागणं होतं.

शेकाचे ते आठवडे तुझ्यामुळं निघाले, हे मात्र लिहिलंच पाहिजे. तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून टेबलाला पक्का करायचे. मळणीला बैलाच्या तोंडाला मुसकं घालतात तसं. आतल्या खोलीतून आवाज यायचा, "हलू नका." हलणार कुठं? हळूहळू लाळ आटली, चव गेली, मंगलच्या हातचा रस्साही कागद चघळल्यासारखा लागायला लागला. मग गिळणंही बंद. मी पेजेची वाटी ढकलून द्यायचो. मंगल दारात जाऊन पदरानं डोळे पुसायची.

तू कॉलेज सुटल्यावर एसटीनं सांगलीला यायचीस. मला धीर वगैरे काही द्यायची नाहीस. खुर्ची ओढून वर्तमानपत्र उघडायचीस आणि बाजारभाव वाचायचीस. मुद्दाम चुकीचे. खिलार खोंडाचा भाव असा सांगायचीस की त्यात शेळीसुद्धा आली नसती. मला बोलता येत नव्हतं. मी हातवारे करायचो, कॉटवर मूठ आपटायचो. तू मंगलला म्हणायचीस, "तापलाय. आता द्या पेज, रागात गिळतोय." आणि मी गिळायचो. खरंच गिळायचो.

घरी आल्यावर ते साचे. माझ्या दातांच्या मापाचे, त्यात औषध भरून रोज घालून बसायचं, नाहीतर लाळ नसलेल्या तोंडात दात मुळापासून किडतात. तू संध्याकाळी फोन करायचीस. मी म्हणायचो, घातले. मागून मंगल ओरडायची, "आवं डॉक्टरीणबाई, साचे फडताळात हाईत आन् हे टीव्हीम्होरं!" पुढं तू माझ्यावर विश्वास ठेवायचंच सोडलंस. फोनवर तोंड दाखवायला लावायचीस. सगळ्या गल्लीला माहीत झालं की संध्याकाळी बापू फोनला दात दाखवतो.

आणि मग तू मला धडा करून टाकलंस.

तुमच्या विद्यापीठात तू आणि सांगलीच्या शेकवाल्या डॉक्टरांनी मिळून एक अभ्यासक्रम सुरू केला होतास. किरणोपचार शिकणारी मुलं आणि दात भरणं, बांधणं शिकणारी मुलं एका वर्गात बसवायची, एकाच माणसाचा जबडा पडद्यावर लावायचा आणि भांडायला लावायचं. किरणवाल्यांना सगळे दात काढून हवे असतात, दातवाल्यांना सगळे ठेवायचे असतात, आणि मधल्या मधे पेशंट मरतो, असं तुझं म्हणणं. नाव भलंमोठं होतं. शेक आणि दात भरायचं सिमेंट, म्हणून मुलं त्याला शेक-सिमेंट म्हणायची.

त्यात माझा एक्स-रे. दोन्ही जबडे एका चित्रात, सांगाडा हसतोय असा. खाली लिहिलेलं, "कडेगाव परिसरातील व्यापारी. स्वभाव तापट." मला हे कळलं विट्याच्या बाजारात. तुझ्या वर्गातून गेलेला एक तरुण डॉक्टर शेळी घ्यायला आला होता. भाव करता करता माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, "काका, तुम्हीच का ते तापट?" मी शेळी तिथंच टाकून तुझ्या कॉलेजात आलो.

"नाव कुठं सांगितलंय मी तुझं?" तू म्हणालीस.

"सभाव सांगितलास की! कडेगावात दुसरा कोन हाय?"

"सभाव औषधाला लागतो बापू. माणूस साचे घालंल का न्हाई, हे त्याच्यावरच ठरतंय. आन् परवानगीच्या कागदावर सही तुझीच हाय."

"सही एक्स-रेची हाय. रागाची न्हवं."

तू इतकी हसलीस की शिपाई आत डोकावला. मीही हसलो असतो, पण मग तू जिंकली असतीस.

आता आपल्या शेवटच्या भेटीवर येतो. उजवीकडची ही दाढ कुजली होती. हिरडीजवळ काळी, वरचा अर्धा भाग तुटलेला. रात्रंदिवस ठणका. मी म्हणालो, काढून टाक, कटकट मिटव. तू म्हणालीस, काढायची नाही. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तवा चांगल्या तीन काढल्यास," मी म्हणालो, "आन् आता कुजकी ठेवतीस? हा कुठला उलटा बाजार?"

"तवा हाड जित्तं हुतं. आता त्या हाडाला हात लावायचा न्हाई."

"मग ठेवून काय करू? पूजा करू?"

"ऐकून तर घे, माझ्या मनात दुसरंच..."

मी ऐकलं नाही. तुझ्या मुलांसमोर आवाज चढवला, पहिल्या तीन दाढांपासून सगळं काढलं. तू गिलावा थापून दिलास आणि "पंधरा दिवसांनी ये" म्हणालीस. मी निरोपाचं काही बोललो नाही. यासाठी मी तुझी माफी मागणार नाही. आपण असेच बोलत आलो. त्या दिवशी मी गोड बोललो असतो तर तूच माझा ताप बघितला असतास.

तेराव्यानंतर दाढ जास्तच उठली. गिलाव्याचा एक तुकडा निघाला. मंगल म्हणाली, कॉलेजात जावा. मला तुझ्या खुर्चीजवळ दुसरं कुणी उभं असलेलं बघायचं नव्हतं. आणि मला दाढ काढायचीच होती. निदान या एका बाबतीत तू आडवी येणार नव्हतीस.

कराडला स्टँडजवळ एक दवाखाना आहे. आधी बाहेरच भाव पाडला, मग खुर्चीत बसलो. पोरगा तरुण होता. इंजेक्शन भरून घेतलं आणि म्हणाला, "मोठं उघडा काका." माझं तोंड शेकानंतर दोन बोटंच उघडतं. तो थांबला.

"तुम्ही रेडिएशन घेतलंय?"

"लय दिवस झालं त्याला."

"दिवसांचा प्रश्न नाही." त्यानं इंजेक्शन खाली ठेवलं. "या जबड्यातला दात मी काढणार नाही."

"जास्ती देतो."

"काका, मी शैला मॅडमच्या वर्गात होतो."

मी तसाच उठून विट्याला गेलो. तिथं एक बाई डॉक्टर. तिनं नुसतं तोंड बघितलं आणि विचारलं, "तुम्ही मॅडमचे ते तापट पेशंट का?" माझी दाढ तशीच ठेवून तीच रडायला लागली. मला तिलाच पाणी द्यावं लागलं. मग मलकापूर. तिथला चांगला दांडगा गडी होता. मला वाटलं हा ऐकेल. त्यानं तर हात मागं बांधूनच सांगितलं, "तुम्ही कितीही तापा. तोंडी परीक्षेत मॅडम एकच प्रश्न सगळ्यांना विचारायच्या. शेक घेतलेल्या जबड्यातला दात कधी काढाल? जो पहिल्या दमात काढण्याची पद्धत सांगायला लागायचा, तो नापास."

शैले, बाजारात कधी कधी सगळे दलाल एक होतात आणि कुठंही गेलं तरी एकच भाव ऐकू येतो. तू अख्खा मुलूख असा बांधून ठेवला होतास. मी उभ्या आयुष्यात कुठल्याच बाजारातून असा हात हलवत परत आलो नाही. मलकापूरच्या दवाखान्याबाहेर गाडीत बसून मी तुला शिव्या घातल्या. मेलीस तरी भावात हटली नाहीस. आणि शिव्या देता देता माझ्या ध्यानात आलं की माझ्या जागी दुसरा कुणी असता तरी या पोरांनी हेच केलं असतं. तू वर्गात उभी राहून वर्षानुवर्षं बोलत राहिलीस ते त्यांच्या हातांत उतरलं होतं, आणि ते सगळे हात माझ्या जबड्यापासून मागं सरत होते. तुझ्या घरी मी रडलो नव्हतो. तिथं रडलो. बाहेर उसाची ट्रॉली अडकली होती, मागं सगळे हॉर्न वाजवत होते, म्हणून कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो.

तुझ्या खुर्चीजवळ तेजस्विनी होती. तुझ्या हाताखाली पुढचं शिक्षण घेणारी, कोरेगावच्या फौजीची मुलगी. बापासारखीच ताठ. तिनं माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काढायची पण नाही आणि ठेवायची पण नाही."

"हा आन् कुठला सौदा?"

"वरचं कुजलेलं डोकं हिरडीपर्यंत कापायचं. मुळं आतून साफ करून बंद करायची आणि हाडात तशीच राहू द्यायची. ठणका जाईल, हाडाला धक्का नाही. मॅडमनी अर्धं केलंच होतं. तुम्ही त्या दिवशी थांबला असता तर त्या हेच सांगणार होत्या."

मला एवढं कळतं की निम्म्यावर मिटलेला सौदा टिकतो. त्या खुर्चीत मी तोंड उघडलं, दोन बोटं उघडतं तेवढं. पोरीचा हात हलका आहे. तुझ्यासारखं कपाळाला कपाळ लावून वाकते आणि तुझ्यासारखंच मधे मधे "झालं, झालं" म्हणते, जेव्हा काहीही झालेलं नसतं.

ओठ बधिर असतानाच मी तिला विचारलं. त्या तीन दाढांबद्दल. मॅडम वर्गात काय सांगायच्या?

ती हातमोजे काढता काढता थांबली. "मॅडम सांगायच्या नाहीत काका. भांडायच्या. वर्गाचे दोन भाग करायच्या, काढा म्हणणारे आणि ठेवा म्हणणारे. ठेवा म्हणणाऱ्यांच्या बाजूला त्या स्वतः उभ्या राहायच्या."

"माझ्या बाजूला?"

"तुमच्याच. अगदी तुमच्यासारख्या. सावली म्हणजे खड्डा नव्हे! मी उसाचं कांडं फोडत होतो! हात आपटायच्या टेबलावर. आम्ही त्यांना पुराव्यानं हरवायचं. नाही हरवलं तर गुण नाहीत."

"मग? हरवलंत?"

"डावीकडच्या दोन दाढांवर दरवर्षी हरायच्या. तिथलं हाड खरंच गेलं होतं, काका. तिसरीवर मात्र नाही. तिसरीवर त्यांनी आम्हाला एकदाही जिंकू दिलं नाही. म्हणायच्या, ती भरून, टोपण घालून टिकली असती. शेक लांबवायचा नव्हता, वेळ नव्हता, म्हणून काढली. वेळ नव्हता, हे खरं कारण आहे, दाढ वाईट होती, हे खोटं कारण आहे. आणि तुम्ही डॉक्टर होऊन स्वतःशी हे खोटं बोलायचं नाही."

शैले, मी खुर्चीतून उठलो तो रागानंच. जे मी तुझ्याकडं प्रत्येक तपासणीला मागितलं, ते तू दरवर्षी वर्गभर फुकट वाटत होतीस! मला एकदा सांगितलं असतंस तर तुझं काय जात होतं? मी हे सगळं त्या पोरीला ऐकवलं. बधिर ओठांनी, त्यामुळं निम्मं थुंकीविना तोंडातच राहिलं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "आम्ही पण त्यांना विचारलं होतं, त्या पेशंटना का सांगत नाही? तर म्हणाल्या, सांगितलं तर त्याचं भांडण मिटंल. भांडण मिटलं तर तो तपासणीला यायचा बंद हुईल. तो दातासाठी येत न्हाई गं, मला हरवायला येतो. येऊ दे."

ती तुझ्याच बोलीत बोलली. तुझ्या सगळ्या मुलांना तुझी नक्कल येते, हे तुला माहीत होतं का?

मी पुन्हा खुर्चीत बसलो. करायला काहीच नव्हतं, तरी बसलो. खरंय तुझं. एवढी वर्षं मी एकही तपासणी चुकवली नाही. मंगलला वाटायचं, माणूस सुधारला. मी वाटेत गाडी चालवताना मुद्दे जुळवायचो. सगळी तपासणी झाली, गाठ परत आलेली नाही, असं तू सांगायचीस तेव्हासुद्धा माझं अर्धं लक्ष दाढांवर असायचं. गाठीची भीती वाटायला मला तू सवडच दिली नाहीस.

निघताना तेजस्विनी म्हणाली, या वर्षीचा वर्ग येत्या गुरुवारी सुरू होतोय. तुमचा एक्स-रे लावायचा की नाही, कळत नाही. मॅडम नाहीत, ठेवा म्हणायच्या बाजूला उभं राहायला कुणी नाही. आम्ही सगळेच काढा म्हणणारे.

मी म्हणालो, लाव.

गुरुवारी मी येतोय, शैले. मंगलनं माझा पांढरा सदरा काढून ठेवलाय. तुझ्या मुलांना सांगितलंय, पुरावे घेऊन या आणि पोटभर जेवून या, माझ्यासमोर लवकर सुटका होत नाही. डावीकडच्या दोन दाढांवर मी हरायचं ठरवलंय. थोडं ओरडेन, टेबल आपटेन आणि मग हरेन, कारण त्या काढायलाच हव्या होत्या, हे आता मला कळतंय.

तिसरीवर मात्र नाही.